माऊईत ऑफ-रोड ट्रायथलॉनची तयारी: बेटही पाहा, पायही शाबूत ठेवा

ऑफ-रोड ट्रायथलॉनला नाव मिळालं ते हवाईतल्या माऊई बेटावर. 1996 साली वाइलेआच्या किनाऱ्यावर ‘अ‍ॅक्वाटेरा’ नावाची शर्यत झाली. समुद्रात पोहायचं, मग ज्वालामुखीच्या उतारांवर माउंटन बाईक हाकायची आणि त्याच धुळीत पळायचं. पुढे तिचं नाव एक्सटेरा झालं. 2011 मध्ये ती बेटाच्या वायव्य टोकाला, कापालुआला हलली. 2020चं वर्ष कोविडने खाल्लं, पण 2021 पर्यंत तिची जागतिक स्पर्धा माऊईतच होत राहिली. 2022 मध्ये ती इटलीतल्या ट्रेंटिनोत गेली. बर्म्युडाच्या फ्लोरा डफीने तिच्या सहाही एक्सटेरा विश्वविजेतेपदांवर माऊईतच नाव कोरलं. शेवटचं तिने 2021 मध्ये मिळवलं, म्हणजे टोकियोतल्या ऑलिम्पिक सुवर्णपदकाच्याच वर्षी.

तुमची शर्यत कुठेही असो, सरावासाठी माऊईइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. समुद्र, चिखल, धूळ, चढ आणि उष्मा, सगळं तासाभराच्या अंतरात आहे. अडचण एवढीच की बेट फार देखणं आहे. सराव करायला आलेली माणसं रोज सकाळी जीव तोडून सराव करतात आणि ‘आरामाच्या’ दिवशी चार तासांचा ट्रेक करून येतात. मग दहाव्या दिवशी पाय का उचलत नाहीत याचं कोडं पडतं. या लेखातला क्रम त्यासाठीच आहे. भटकंती आणि सराव यांच्या दोन वेगळ्या याद्या करायच्या नाहीत, एकाच वहीत दोन्ही लिहायचं.

पायरी 1: वही उघडा

शर्यतीचं माप साधारण ठरलेलं असतं: दीड किलोमीटर पोहणं, तीसेक किलोमीटर माउंटन बाईक, दहा-अकरा किलोमीटर ट्रेल रन, म्हणजे कच्च्या वाटेवरचं पळणं. आकडे रस्त्यावरच्या ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉनसारखे दिसतात आणि तिथेच फसगत होते. रस्त्यावर अडीच तासांत मोकळा होणारा माणूस इथे साडेतीन-चार तास झगडतो. सायकलवर विसावा मिळत नाही, पळताना दोन पावलं सारखी पडत नाहीत.

दिवसाचा भार मोजायची सोपी रीत म्हणजे मिनिटं गुणिले कष्टाचा आकडा. 1 म्हणजे काहीच नाही, 10 म्हणजे जीव जातोय. दीड तासाची कडक सायकल: 90 गुणिले 7, म्हणजे 630. आता तीन तासांचा ‘निवांत’ ट्रेक: 180 गुणिले 3, म्हणजे 540. आरामाचा दिवस म्हणून जे केलं, ते कडक दिवसाच्या जवळपास पोचलं की! भटकंतीचा आकडा वहीत आला की अर्धे निर्णय आपोआप होतात. आठवड्याची बेरीज घरच्या तुमच्या नेहमीच्या आठवड्याच्या सव्वापटीवर जाऊ देऊ नका. एवढी ओढाताणही मी फक्त पहिल्याच आठवड्यात चालवून घेईन.

पायरी 2: मुक्काम वाऱ्यावर ठरवा

नकाशात माऊई म्हणजे दोन डोंगर आणि मधे सखल पट्टा. पूर्वेला हालेआकाला, 3,055 मीटर. पश्चिमेला पश्चिम माऊईचे डोंगर आणि त्यांचा माथा पुऊ कुकुई, 1,764 मीटर. बहुतेक दिवस वारा ईशान्येकडून येतो, हेच ते व्यापारी वारे. ते ढग आणून डोंगरावर आपटतात. पुऊ कुकुईवर वर्षाला 9,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम दहा किलोमीटरवरच्या लाहायनात 400सुद्धा भरत नाही. म्हणजे चिखल हवा असेल तर चिखल, भाजून काढणारी धूळ हवी असेल तर धूळ.

मधल्या पट्ट्यात दोन्ही डोंगरांमध्ये वारा चेपला जातो. दुपारी माआलाएआजवळ रस्त्यावर सायकल सरळ धरणं हीच कसरत होऊन बसते. कीहेई-वाइलेआच्या बाजूला पहाटेपासून दहाच्या सुमारापर्यंत समुद्र बहुधा गुळगुळीत असतो. मग पाण्यावर फेसाच्या रेघा उमटायला लागतात. त्यामुळे दिवसाचा क्रम असा: उजाडल्यावर पोहणं, मग डोंगरावर झाडीत सायकल किंवा पळणं, दुपारी सावली, संध्याकाळी किनाऱ्यावर फेरफटका.

नोव्हेंबर ते मार्च उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात. तेव्हा मुक्काम दक्षिणेला कीहेईत करा. उन्हाळ्यात नापिली-कापालुआची बाजू छान. दोन आठवड्यांत मुक्काम बदलू नका. सायकलची पेटी, दोन जोड बूट आणि ओले कपडे घेऊन हॉटेल बदलण्यात एक आख्खा दिवस जातो. गाडी मात्र भाड्याने घ्यावीच लागते. ट्रेलच्या पार्किंगमध्ये काचा फोडून चोऱ्या होतात, तेव्हा पासपोर्ट आणि पाकीट गाडीत ठेवायचं नाही, डिकीतही नाही.

पायरी 3: निघण्याआधी तीन आठवडे

उष्म्याची सवय घरूनच लावायला घ्या. सरावानंतर वीस-तीस मिनिटं गरम पाण्याच्या टबात किंवा सॉनात बसा, आठवड्यातून तीन-चारदा. सोबत कुणीतरी असू द्या आणि गरगरलं की लगेच बाहेर या. रक्तातला द्रव पहिल्या आठवड्याच्या आतच वाढायला लागतो. घाम लवकर सुटणं आणि त्यातून मीठ कमी जाणं यांना मात्र दहा ते चौदा दिवस लागतात. शर्यतीच्या चार दिवस आधी उतरणाऱ्याचं शरीर नेमकं अर्धवट अवस्थेत असतं.

सायकल धुऊन, पुसून, वाळवून बांधा. हवाईत येताना शेतीविषयक जाहीरनामा भरावा लागतो आणि मातीला सक्त मनाई आहे. टायरच्या खाचा, पेडलचे सांधे, बुटांचे तळ, सगळं ब्रशने घासा. हे नुसतं कागदी सोपस्कार नाही. इथली झाडं बाहेरच्या बिया आणि बुरशींनी आधीच बेजार आहेत.

सुटे भाग: दोन डिरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा), चेनच्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), ट्यूबलेस टायरसाठी (ज्यात ट्यूब नसते) भोक बुजवायच्या प्लगचा संच, आणि ब्रेक पॅडचे दोन जादा जोड, तेही मेटॅलिक. इथला लाल चिखल म्हणजे ओला सँडपेपर. मऊ ऑरगॅनिक पॅड तो एका पावसाळी राइडमध्ये तळापर्यंत खाऊ शकतो.

पायरी 4: पहिले चार दिवस काही सिद्ध करायचं नाही

हवाईचं घड्याळ भारताच्या साडेपंधरा तास मागे आहे. रात्री दोनला टक्क जाग येणार हे धरूनच चाला, आणि त्या जागेचा उपयोग करा. हालेआकालाचा सूर्योदय पाहायचा तर पहाटे तीन ते सात या वेळेत गाडीने तिथल्या राष्ट्रीय उद्यानात शिरायला आगाऊ आरक्षण लागतं. ते या पहिल्या दिवसांसाठी घेऊन ठेवा. वर थंडी शून्याच्या आसपास जाऊ शकते, वाऱ्यात त्याहून बोचते. किनाऱ्यावरचे कपडे घालून आलेली माणसं हॉटेलचे टॉवेल गुंडाळून कुडकुडताना दिसतात. हवा समुद्रसपाटीपेक्षा तीसेक टक्के विरळ असते, त्यामुळे वर पळापळ करू नका. परततानाही गाडी जपून हाका. वळणं अनेक आहेत आणि झोप नेमकी तेव्हाच येते. स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर त्यानंतर किमान चोवीस तास वर जायचं नाही.

सायकलवाल्यांना समुद्रापासून शिखरापर्यंतचा डांबरी चढ खुणावतो. पाईआपासून साधारण 58 किलोमीटर, सलग तीन हजार मीटरची चढाई. केल्याचं समाधान मोठं, पण ऑफ-रोड शर्यतीसाठी त्याचा उपयोग कमी आणि थकवा आठवडाभर पुरतो. शर्यतीनंतर करा. उद्यानात सायकल फक्त डांबरी रस्त्यावर चालते, पायवाटांवर मनाई आहे.

याच दिवसांत घामाची चाचणी उरका. तासभर मध्यम वेगाने पळा, आधी आणि नंतर अंग पुसून कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा 68 किलोचे 67.1 झाले आणि मधे 600 मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला दीड लिटर. तो सगळा भरून काढायचा नसतो. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटू नये आणि वाढू तर मुळीच नये. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं मीठ पातळ करणं हे तहानलेलं राहण्याइतकंच, कधी कधी त्याहूनही, धोक्याचं आहे. पाण्यात मीठ असू द्या आणि सायकलवर ताशी साठेक ग्रॅम कर्बोदकांची पोटाला सवय लावा.

पायरी 5: समुद्र

तलावात कितीही फेऱ्या मारल्या असल्या तरी किनाऱ्यावर फुटणारी लाट हा वेगळा विषय आहे. कापालुआच्या शर्यतीत पोहणं असायचं डी. टी. फ्लेमिंग बीचवर. दोन फेऱ्यांच्या मधे वाळूवर येऊन पुन्हा पाण्यात घुसावं लागे. सरावालाही हाच किनारा उत्तम, कारण जीवरक्षक असतात. आल्याआल्या त्यांना विचारा, ‘आज पाणी कसं आहे?’ त्यांनी मान हलवली की विषय संपला. हिवाळ्यात उधाण असलं की फ्लेमिंगचा हट्ट सोडा आणि कीहेईच्या कामाओले किनाऱ्यांवर जा. तिथेही जीवरक्षक आहेत.

पाण्यात उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. लाटा टोळीने येतात. काही मोठ्या, मग थोडी उसंत. त्या उसंतीत आत शिरायचं. पाणी गुडघ्यापर्यंत येईतो पाय बाजूने उचलत पळा. मांडीपर्यंत आलं की सूर मारा. समोर फुटणारी लाट आली तर तिच्यावरून नाही, तिच्या खालून जा. तळाशी वाळूत दोन्ही हातांची बोटं रोवा, लाट पाठीवरून सरकल्याचं जाणवेल, मग पायांनी तळाला रेटा देऊन वर या. बोटं रोवली नाहीत तर तीच लाट तुम्हाला चार मीटर मागे नेऊन ठेवते.

बाहेर पडताना लोक जास्त आपटतात. किनारा दिसला की घाई होते, माणूस उभा राहतो आणि मागून लाट गुडघ्यात मारते. हात वाळूला लागेपर्यंत उभं राहायचं नाही. शेवटच्या तीस मीटरांत दर दोन-तीन हातांनी मागे बघा. लाट उचलायला लागली की जोरात पाय मारून तिच्यावर स्वार व्हा. हे आत-बाहेर प्रत्येक वेळी सहा-सात वेळा करा. लांब पोहण्यापेक्षा मी याला जास्त महत्त्व देईन.

पाण्याला ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहा. कीहेईच्या बाजूला धोका वाऱ्याचाही असतो. तो कधी किनाऱ्याकडून आत वाहतो, त्यामुळे जाताना मजेत जाता आणि परतताना दुप्पट वेळ लागतो. म्हणून किनाऱ्यालगत, समांतर पोहा, कधीही एकट्याने नाही, कमरेला रंगीत तरंगता फुगा बांधून. दिशेसाठी बोयाच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या) मागची किनाऱ्यावरची मोठी खूण धरा. डोंगराची खिंड, उंच झाड असं काही. लाटेच्या तळाशी असताना बोया दिसतच नाही.

पाऊस पडून समुद्र तपकिरी झाला असेल तर त्या दिवशी पोहणं बंद. डोंगरावरून माती, घाण, जंतू सगळं वाहून आलेलं असतं, आणि गढूळ पाण्यात शार्कलाही तुम्ही नीट दिसत नाही. भल्या पहाटेच्या अंधारात आणि तिन्हीसांजेला न उतरण्याचं कारणही हेच. उजाडू द्या, मग उतरा. पाण्याचं तापमान साधारण 24 ते 27 अंश असतं, वेटसूटचा प्रश्न नाही. पातळ पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घाला, म्हणजे सनस्क्रीनही कमी लागतं. माऊई काउंटीत ऑक्टोबर 2022 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फक्त खनिज सनस्क्रीन चालतात, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाली. पांढरं भूत दिसाल, पण इलाज नाही.

हिवाळ्यात पोहत असाल तर मधेच थांबून कान पाण्यात बुडवा. कुबड्या देवमाशांचं गाणं ऐकू येतं, खालून वर चढत जाणारे लांबलचक हुंकार. एवढ्यासाठी मी सरावाचं घड्याळ थांबवायला तयार आहे. त्यांच्या शंभर यार्डांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे. कासवांपासूनही किमान तीन मीटर लांब राहा.

पायरी 6: सायकल

माऊईचं सगळ्यात भरवशाचं मैदान म्हणजे हालेआकालाच्या वायव्य उतारावरचं माकावाओचं राखीव जंगल. काहाकापाओची फेरी साधारण नऊ किलोमीटरची, निलगिरी आणि पाइनच्या सावलीतून. शिवाय खास सायकलींसाठी बांधलेल्या उताराच्या वाटा आहेत. फाटक संध्याकाळी बंद होतं, वेळ पाहून जा. पायी चालणारे, कुत्री, कधी घोडे, सगळे एकाच वाटेवर असतात. वळणाआधी हाक द्या आणि घोडा दिसला की सायकलवरून उतरा.

पावसानंतर इथल्या वाटा साबणासारख्या होतात असं म्हणून लोक परत फिरतात. मी म्हणेन, रिमझिम असेल तर जा, धो-धो असेल तर नको. धो-धो पावसात वाट खराब होते आणि पुढच्या माणसाला चर मिळतात. ओल्यात टायरची हवा दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी करा. सत्तर किलोच्या माणसाला 2.3 इंची ट्यूबलेसमध्ये कोरड्यात पुढे 22, मागे 24 ही सुरुवात ठीक, तिथून खाली या. ओल्या मुळांवर ब्रेक दाबायचा नाही, मुळाच्या आधी दाबून सोडून द्यायचा. मूळ तिरकं असेल तर चाक काटकोनात आणा. पुढचा ब्रेक आणि वळलेलं हँडल एकत्र आले की पडणं ठरलेलं.

चढावर खोगिराच्या टोकाकडे सरका, हनुवटी हँडलकडे न्या, दणका न देता पायाचा जोर सारखा ठेवा. मागचं चाक फिरतंय पण सायकल पुढे जात नाही असं झालं, तर लगेच उतरून ढकलायला लागा. ढकलण्याचाही सराव करा, खरोखर. चिखलाच्या शर्यतीत ढकलणारे अनेकदा चालवणाऱ्यांना मागे टाकतात. चाकं फिरेनाशी झाली तर काटकीने फोर्कच्या कमानीतला आणि मागच्या फ्रेममधला चिखल उकरा. पाण्याच्या बाटलीतलं पाणी चेनवर ओतायचं की प्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

दक्षिण किनाऱ्याची, माकेनाकडची, गोष्ट निराळी. इथला शत्रू म्हणजे कीआवे, बाभळीच्या नात्यातलं एक काटेरी झाड. काटा बोटाच्या पेराएवढा, टणक, टायर सहज भेदणारा. ट्यूबलेसमध्ये शंभर मिली ताजं सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, ठेवा. काटा उपसला की भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि थांबा. फुसफूस थांबते. ट्यूब वापरत असाल तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून सुती फडकं गोल फिरवा. मोडलेल्या काट्याचं टोक डोळ्याला दिसत नाही, पण फडक्याचा धागा तिथे अडकतो. तो भाग वाकवून टोक पक्कडीने ओढून काढा. हे न करता ट्यूब घातली की शंभर मीटरवर पुन्हा तेच.

पोलिपोलीच्या उंच जंगलात धुकं आणि थंडी असते, रेडवुडची झाडंही भेटतात. फक्त शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि भाड्याच्या साध्या गाडीला झेपेलच असं नाही. तिथे शिकारीही चालते, भडक रंगाचा जर्सी घाला.

पायरी 7: पळणं

वाइहेए रिज ट्रेल जाऊन-येऊन साधारण आठ किलोमीटर आहे आणि माथा 780 मीटरच्या आसपास. चढावर हात मांड्यांवर टेकवून झपझप चाला, ते पळण्याइतकंच वेगवान आणि बरंच स्वस्त पडतं. खरा धडा उतरणीवर. ओल्या चिकणमातीत पावलं छोटी आणि झटपट टाका, टाच रोवू नका, नजर चार-पाच मीटर पुढे ठेवा. लवकर जा. दहापर्यंत ढग माथा गिळतात आणि वाट माणसांनी भरते. गर्दीत लोकांना हुसकावत पळणं वाईट दिसतं, त्यापेक्षा चाला.

उष्म्यासाठी लाहायना पाली ट्रेल. आठेक किलोमीटरची जुनी वाट, डोंगराची सोंड ओलांडून पलीकडे उतरते. सावली जवळपास नाही. पश्चिमेकडून, उकुमेहामेच्या टोकाने, पहाटे सुरू करा. सूर्य डोंगराआड असेपर्यंत निम्मा चढ सरतो. वर पवनचक्क्या आहेत आणि त्या तिथे का उभ्या केल्यात हे टोपी उडाल्यावर कळतं. तिथूनच मागे फिरा. माथ्यापलीकडे उतरून परत यायचं म्हणजे उन्हात दुसरा चढ. दीड लिटर पाणी कमीत कमी.

ला पेरूज खाडीजवळची होआपिलीची जुनी राजवाट लाव्ह्याच्या खडबडीत दगडांवरून जाते. ती पळायची नाही, चालत पाहायची. बुटांचे तळ फाटतात आणि पडलात तर गुडघे कापतात. हलकं पळायला कापालुआची किनारी वाट आहे, पावणेतीन किलोमीटरची, संध्याकाळी सुरेख.

सायकलवरून पडून खरचटलं असेल तर धबधब्याखालच्या डोहात उतरायचा मोह टाळा. इथल्या गोड्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि उघडी जखम म्हणजे त्यांना उघडं दार. शिवाय डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की ओढा मिनिटांत फुगतो. पाण्याचा रंग बदलला, काटक्या वाहत आल्या, की आधी काठावर या, मग विचार करा.

पायरी 8: तिन्ही जोडून

आठवड्यातून एकदा पोहून लगेच सायकल, एकदा सायकलवरून लगेच पळणं. यात खरं शिकायचं ते वाळूचं. पाण्यातून येऊन तसेच मोजे चढवले तर बोटांच्या मधली वाळू किलोमीटरभरात कातडं सोलते. छोट्या पसरट डब्यात पाणी, शेजारी टॉवेल. एक पाय बुडवा, टॉवेलवर टेका, बुटात सारा. मोज्यांत आधीच टाल्कम पावडर घालून ते गुंडाळून ठेवा. सायकलवरचे हातमोजे ओल्या हातात चढत नाहीत, ते हँडलवर अडकवा आणि हात वाळल्यावर पहिल्या सपाट तुकड्यावर घाला.

पायरी 9: दोन आठवडे असे मांडा

पहिले चार दिवस वर सांगितलेच: हलकं पोहणं, अर्ध्या-पाऊण तासाची सायकल, घामाची चाचणी, हालेआकालाचा सूर्योदय.

दिवस 5: सकाळी लाटांचा सराव, संध्याकाळी किनारी वाटेवर पळणं.
दिवस 6: माकावाओत दोन तास, चढावर जोर.
दिवस 7: होनोलुआ खाडीत स्नॉर्कलिंग, समुद्र शांत असेल तरच. हा खरा आराम. खाडी संरक्षित आहे, मासेमारी बंद आणि प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. प्रवाळाने कापलं तर जखम चिघळते, शर्यत गेलीच समजा.
दिवस 8: वाइहेए.
दिवस 9: पोहणं आणि लगेच सायकल, शर्यतीच्या वेगाने.
दिवस 10: काही नाही. पुस्तक, झोप, चेनला तेल.
दिवस 11: सायकल दीड तास, मग पाऊण तास पळणं. ही शेवटची कडक मेहनत.
दिवस 12 आणि 13: वीस-पंचवीस मिनिटांचं काहीतरी, चार छोटे वेगाचे तुकडे.
दिवस 14: शर्यत, किंवा शर्यत दुसरीकडे असेल तर तिची रंगीत तालीम.

यात बेटाच्या पूर्व टोकाच्या हाना गावाकडे जाणारा प्रसिद्ध रस्ता नाही, हे लक्षात आलं असेल. काहुलुईहून 84 किलोमीटर, सहाशेच्या आसपास वळणं, पन्नासहून जास्त पूल आणि बहुतेक एकेरी. दिवसभर गाडीत बसून कंबर धरते, तो आराम नव्हे. शर्यतीनंतर जा, हानात एक रात्र राहा आणि तिथून पुढे पिपिवाई ट्रेलने बांबूच्या बनातून वाइमोकू धबधब्यापर्यंत चाला. जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर, आणि आता पाय दुखले तरी चालेल.

पायरी 10: बेट कुणाचं आहे ते ध्यानात ठेवा

‘कापू’, म्हणजे निषिद्ध, अशी पाटी दिसली की आत जायचं नाही, मग स्ट्राव्हावर (सराव नोंदवायच्या अ‍ॅपवर) ती वाट कितीही ठळक दिसत असो. कापालुआत ड्रॅगन्स टीथ हे लाव्ह्याचे सुळके पाहायला लोक जातात. त्याला लागूनच होनोकाहुआचं दफनस्थान आहे. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथे हॉटेलसाठी खणताना शेकडो मूळ हवाईयन पूर्वजांचे अवशेष निघाले, आंदोलन झालं आणि हॉटेलची जागा किनाऱ्यापासून मागे सरकवावी लागली. त्या हिरवळीवरून आडवाटेने जाऊ नका, पळत तर नाहीच.

लाहायनात 8 ऑगस्ट 2023च्या वणव्यात गाव बेचिराख झालं, शंभराच्या आसपास माणसं गेली. तिथून जाताना गाडी थांबवून फोटो काढू नका. पश्चिम माऊईत राहणार, जेवणार, सामान घेणार असाल तर तिथल्या लहान दुकानांत खर्च करा. अरुंद रस्त्यांवर मागे स्थानिकांची गाडी लागली की बाजूला घेऊन तिला पुढे जाऊ द्या. त्यांना कामावर पोचायचं असतं.

पायरी 11: परत निघताना

सायकल बांधायला निदान अर्धा दिवस राखून ठेवा. आधी गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या फवाऱ्याने नाही, नाहीतर बेअरिंगमध्ये मीठ आणि लाल माती आत ढकलली जाईल. सीटपोस्ट बाहेर काढा, आतली वाळू पुसा, नवं ग्रीस लावा. पेडलही काढून आटे पुसा. चेन सरळ फेकून द्या, ती संपलेलीच असते. ब्रेक पॅड किती उरलेत ते बघा आणि चाकांमधून सीलंटच्या गुठळ्यांसोबत काटेही काढा. बूट उन्हात वाळवून पिशवीत भरा. माती इथून बाहेर न्यायलाही कुणी परवानगी देत नाही.